एका पर्वतावरील दोन शर्यती

ऑस्ट्रिया देशात इन्सब्रुक नावाचे एक जुने नगर आहे. त्या नगराच्या दक्षिणेस पाट्शरकोफेल हा पर्वत उभा आहे. हिवाळी ऑलिंपिक सामन्यांतील पुरुषांची उतार-दौड या पर्वताच्या अंगावरून दोन वेळा झाली. पहिली ३० जानेवारी १९६४ रोजी आणि दुसरी ५ फेब्रुवारी १९७६ रोजी. पहिल्या शर्यतीत ऑस्ट्रियाचा एगोन त्सिमरमान १३८.१६ सेकंदांत खाली पोहोचून विजयी झाला. दुसऱ्या शर्यतीत त्याच देशाच्या फ्रान्झ क्लामर याला १०५.७३ सेकंद पुरले. मधल्या बारा वर्षांत पर्वत काही अधिक उभा झाला नव्हता. गुरुत्वाकर्षणही वाढले नव्हते. मग हे बत्तीस सेकंद आले कोठून, आणि त्यांचे मोल काय पडले, हे आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. आपल्या मराठीत ‘बर्फ’ हा एकच शब्द दोन वस्तूंसाठी चालतो. आकाशातून भुरभुरत पडणारा पदार्थ आणि पाणी गोठून झालेला कठीण खडा, या दोहोंना आपण बर्फच म्हणतो. कारण आपल्यापैकी बहुतेकांनी पहिला पदार्थ पाहिलेलाच नसतो. येथे मात्र हा भेद पाळणे अवश्य आहे. म्हणून आकाशातून पडणाऱ्यास हिम आणि गोठलेल्या पाण्यास बर्फ असे म्हटले आहे. पायांस बांधून हिमावरून घसरत जाण्याच्या लांब, अरुंद, पुढे वर वळलेल्या पट्ट्यांस स्की म्हणतात; हा शब्द तसाच ठेवला आहे.

उतार-दौडीत स्पर्धक एकामागून एक, ठरलेल्या अंतराने सुटतात. वरच्या टोकास एक आडवी कांडी असते. स्पर्धकाच्या पायाने ती ढकलली गेली की घड्याळ सुरू होते. खालच्या टोकास प्रकाशाचा किरण असतो; तो शरीराने तुटला की घड्याळ थांबते. काळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. मध्ये निशाणांच्या जोड्या रोवलेल्या असतात व प्रत्येक जोडीमधून जावेच लागते. एकदाच उतरावयाचे, दुसरी संधी नाही.

पर्वताने दिलेले दान

१९६४ चा मार्ग ३,१२० मीटर लांब होता व त्यात एकंदर उतरण ८६७ मीटर होती. १९७६ चा मार्ग ३,०२० मीटर लांब आणि उतरण ८७० मीटर. म्हणजे दुसरा मार्ग शंभर मीटरांनी आखूड होता. त्सिमरमानच्या सरासरी वेगाने शंभर मीटर काटण्यास सुमारे साडेचार सेकंद लागतात. तेवढे सेकंद या हिशेबातून वजा केले, तरी अठ्ठावीस सेकंद उरतातच. सरासरी वेग पाहिला तर त्सिमरमानचा ताशी ८१ किलोमीटर व क्लामरचा ताशी जवळजवळ १०३ किलोमीटर भरतो.

आता एक कल्पना करू. हवा नाही, घर्षण नाही, केवळ उतार आहे. अशा स्थितीत ८७० मीटर उतरून आलेल्या वस्तूचा वेग किती होईल? स्थितिज ऊर्जा सर्वच्या सर्व गतिज ऊर्जेत बदलेल, आणि शाळेतील नेहमीच्या सूत्राने उत्तर येते सेकंदास १३० मीटर, म्हणजे ताशी ४७० किलोमीटर. वस्तू जड असो वा हलकी, उत्तर तेच. प्रत्यक्षात स्पर्धक अंतिम रेषा ओलांडतो तेव्हा त्याचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटर धरला, तरी त्या वेगात साठ-बासष्ट मीटर उतरणीचीच ऊर्जा शिल्लक असते. उरलेली आठशेहून अधिक मीटरांची कमाई वाटेतच खर्ची पडलेली असते.

ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण तिच्यामुळे शर्यतीकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. या खेळात स्पर्धक वेग निर्माण करीत नाही. आरंभी काठ्यांनी चार-सहा जोराचे रेटे दिले की त्याचे इंजिन बंद. पुढे सर्व शक्ती पर्वताची. साहित्यासह ८० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य क्लामरच्या गतीने उतरत असता पर्वत त्याला सुमारे साडेआठ अश्वशक्तीने ओढीत असतो. स्पर्धकाच्या हाती उरते ते एवढेच की, हे धन कोठे व किती सांडावयाचे.

आणि येथेच एक चमत्कारिक वाटणारा हिशेब आहे. दोन्ही मार्गांची सरासरी चढण जवळजवळ सारखी होती. शंभर मीटर पुढे जाताना अठ्ठावीस-एकोणतीस मीटर खाली. याचा अर्थ असा की, दर मीटरास पर्वताने त्सिमरमानला जेवढी ऊर्जा दिली तेवढीच क्लामरलाही दिली, आणि दोघांचीही ती जवळजवळ सगळी वाटेत खर्च झाली. खर्चाची बेरीज सारखीच. परंतु एकाने त्याच खर्चात सव्वापट वेग राखला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग सव्वापट झाला म्हणजे, शरीराची ठेवण तीच असेल तर, हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. तेव्हा क्लामरने हवेचा, हिमाचा अथवा वळणांचा खर्च कोठे तरी काटला असला पाहिजे. या तिन्ही खर्चांचा क्रमाने विचार करू.

हवा

सायकलवरून उतार उतरताना ताठ बसावे आणि मग मान खाली घालून हँडलवर वाकावे. दोहोंतील अंतर कोणाही मुलास ठाऊक असते. स्की करणाऱ्यांना हे ज्ञान अर्थातच फार दिवसांपासून होते, पण त्याचा पद्धतशीर अभ्यास करून ते शर्यतीत आणले झाँ वुआर्ने या फ्रेंच स्पर्धकाने. कॅलिफोर्नियातील स्क्वॉ व्हॅली येथे १९६० साली झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तो उतार-दौड जिंकला. गुडघे दुमडलेले, पाठ जमिनीशी समांतर, हात पुढे एकत्र आणलेले, अशी त्याची बैठक असे. फ्रेंच लोक तिला ‘अंडे’ म्हणू लागले, आणि नाव अगदी यथार्थ आहे. त्याच्या पायांत लाकडी स्की नव्हत्या, धातूच्या होत्या. धातूच्या स्कींवर ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारा तो पहिलाच.

या बैठकीने काय साधते? मनुष्य सरळ उभा असता हवेला जितका अडतो, त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच तो अंडाकृती बैठकीत अडतो. वर सांगितलेल्या ८० किलोग्रॅम वजनाच्या स्पर्धकाविषयी ढोबळ गणित केले तर असे दिसते की, पाट्शरकोफेलच्या सरासरी उतारावर तो सरळ उभा राहून सरळ रेषेत घसरला तर ताशी नव्वद किलोमीटरांच्या आसपास त्याचा वेग स्थिर होईल; अधिक वाढणारच नाही. बैठक घेतली तर हीच मर्यादा ताशी दीडशेच्या पुढे जाईल. क्षणभर तोल जाऊन हात पसरले गेले की हवा लगेच आपला कर वसूल करते.

येथे जड मनुष्याला थोडा लाभ होतो. पोकळीत सर्व वस्तू सारख्याच वेगाने पडतात हे खरे. परंतु हवेत तसे नाही. शरीर मोठे होत जाते तेव्हा वजन घनफळाच्या मानाने वाढते आणि हवेला अडणारे अंग क्षेत्रफळाच्या मानाने. म्हणून उतार-दौडीचे नामांकित स्पर्धक सहसा धिप्पाड असतात.

पोशाखाचाही इतिहास आहे. सैल विजारींच्या जागी अंगाला घट्ट बसणारे एकसंध पोशाख आले, आणि पुढे त्यांचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत करण्यात आला की, पडलेला स्पर्धक उतारावर थांबेचना, घसरतच जाई. यासाठी आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने नियम घातला की, पोशाखाच्या कापडातून दर चौरस मीटरास दर सेकंदाला निदान ३० लिटर हवा आरपार गेली पाहिजे. वेगाच्या उपायालाच वेसण घालावी लागल्याचे हे एक लहानसे उदाहरण.

हिम

स्की हिमावरून घसरते ती का, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. पुष्कळ पुस्तकांत असे लिहिलेले आढळते की, दाबामुळे हिम वितळते व त्या पाण्यावरून स्की सरकते. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, हे सत्य आहे, पण किती? एका वातावरणाइतक्या दाबाने अंशाचा शंभरावा भागसुद्धा नाही. स्की तर लांब असते. तिच्यावर विसावलेल्या मनुष्याचा भार एवढा पसरतो की, त्याचा दाब वातावरणाच्या दाबाचा काही शतांश भरतो. शून्याखाली दहा अंश थंड असलेले हिम त्याने वितळणे शक्य नाही.

केंब्रिजचे बाउडन आणि ह्यूझ या दोन शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख या उंच ठिकाणी प्रयोग करून १९३९ साली दुसरे उत्तर मांडले. घर्षणानेच उष्णता उत्पन्न होते, आणि त्या उष्णतेने हिमाच्या कणांचे माथे वितळून पाण्याचा अतिसूक्ष्म थर तयार होतो. उष्णता लवकर वाहून नेणारे द्रव्य स्कीसाठी वापरले तर घर्षण वाढते असे त्यांना दिसले. कारण वितळविण्यासाठी लागणारी उष्णताच मग निघून जाते. म्हणजे स्की आपला मार्ग आपणच ओला करीत जाते. फार कडक थंडीत हा थर पुरेसा बनत नाही व हिम वाळूसारखे खरखरीत लागते. उलट उन्हाने हिम फार भिजले तर पाणीच स्कीच्या तळाला चिकटून धरते. म्हणून तळाला मेण लावण्याची कला या खेळात मोठी मानली जाते आणि हिमाचे तापमान पाहून मेण निवडतात. फ्लोरीनयुक्त मेणे सर्वांत सरस ठरत. परंतु त्यांतील द्रव्ये निसर्गात नष्ट होत नाहीत म्हणून २०२३-२४ च्या हंगामापासून महासंघाने शर्यतींत त्यांस बंदी केली.

एवढे असूनही, चांगल्या हिमावर सरळ घसरताना हिमाचा विरोध हवेच्या मानाने लहानच असतो. तो मोठा होतो वळणावर.

वळण

सेकंदास २८ मीटर वेगाने ८० मीटर त्रिज्येचे वळण घ्यावयाचे तर आत ओढणारे जे बल लागते ते स्पर्धकाच्या वजनाएवढे भरते. वजन व हे बल मिळून त्याच्या पायांवर स्वतःच्या वजनाच्या सुमारे दीडपट भार येतो. तोही उघड्यावाघड्या पर्वतावर, खाचखळग्यांवरून थरथरत जाताना. हे बल पुरवावयाचे कोणी? स्कीच्या पोलादी कडेने. स्की कलती करून कड हिमात रोवली आणि ती आपल्याच रेषेने चालली, तर खर्च थोडा. पण कड सुटून स्की आडवी घासली गेली की ती नांगरासारखी हिम उडवू लागते आणि वेग झपाट्याने उतरतो. प्रेक्षकांना मागे उडणारा पांढरा धुरळा मोहक वाटतो. जाणता शिक्षक मात्र त्यात सांडलेला वेग पाहतो.

बारा वर्षांत सर्वांत मोठे बदल बहुधा याच खात्यात घडले. चामडी बुटांच्या जागी कडक प्लॅस्टिकचे बूट आले, त्यामुळे पायाचा कल तत्काळ कडेपर्यंत पोहोचू लागला. स्कींच्या रचनेत लाकूड व धातू यांच्या जोडीस काचतंतू आले. हिमाची तयारीही निराळी. १९६४ च्या हिवाळ्यात इन्सब्रुकला हिम इतके कमी पडले होते की, ऑस्ट्रियाच्या सैन्याने सुमारे ४०,००० घनमीटर हिम वाहून आणून उतारांवर पसरले. अशा मार्गाची तुलना १९७६ च्या मार्गाशी काटेकोरपणे करणे अर्थातच योग्य नाही. निशाणे कोठे रोवली, वळणे किती मोकळी ठेवली, यावरही फार अवलंबून असते. तेव्हा बत्तीस सेकंदांपैकी अमुक बुटांचे, अमुक पोशाखाचे, अशी वाटणी कोणी करू लागल्यास वाचकाने सावध राहावे.

मोल

या पर्वताने १९६४ साली घेतलेले मोल येथे सांगितले पाहिजे. शर्यतीस पाच दिवस उरले असता, २५ जानेवारी रोजी, सरावात ऑस्ट्रेलियाचा रॉस मिल्न हा एकोणीस वर्षांचा तरुण मार्गाबाहेर फेकला जाऊन झाडावर आदळला व मरण पावला. पुढे स्पर्धकांची गर्दी झालेली पाहून, जेथे थांबण्याची सोय नव्हती तेथे त्याने वेग आवरण्याचा प्रयत्न केला, असे त्याच्या संघव्यवस्थापकाने सांगितले. त्याच्या अननुभवाकडेही तेव्हा बोट दाखविण्यात आले. हा युक्तिवाद प्रस्तुत लेखकास पटत नाही. अनुभवी मनुष्य आदळला असता म्हणून झाड काही मऊ झाले नसते. रॉसचा धाकटा भाऊ माल्कम याने पुढे १९७० साली जागतिक अजिंक्यपदाच्या उतार-दौडीत कांस्यपदक मिळविले.

ताशी ९० किलोमीटर वेग म्हणजे बत्तीस मीटर उंचीवरून, दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून पडल्यावर येणारा वेग. इतका वेग शून्यावर आणावयाचा तर प्रश्न उरतो तो अंतराचा. पाच मीटर अंतरात थांबविले तर शरीरावर त्याच्या वजनाच्या सहापटींहून किंचित अधिक बल येते. ते सोसण्याजोगे आहे. अर्ध्या मीटरात थांबविले तर बल दहापट होते, म्हणजे वजनाच्या साठपटींहून अधिक. आज मार्गाच्या दोन्ही बाजूंस उंच जाळ्यांच्या रांगा दिसतात त्यांचे काम हेच: पडणाऱ्याला अडविणे नव्हे, तर त्याला थांबावयास अंतर मिळवून देणे. मिल्नच्या काळी अशी व्यवस्था तोकडी होती.

त्या अपघातानंतर पाचच दिवसांनी ज्या तरुणांनी त्याच मार्गावरून उडी घेतली, त्यांत भारताचा एक स्पर्धक होता. पोलिश वंशाचा जेरेमी बुयाकोव्स्की हा हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणारा पहिला खेळाडू. इन्सब्रुकला संपूर्ण भारतीय पथक म्हणजे तो एकटाच! त्याला अंतिम रेषा गाठता आली नाही. चार वर्षांनी ग्रेनोब्ल येथे तो पुन्हा उतार-दौडीत उतरला आणि या वेळी त्याने ती पूर्ण केली.

पंधरावा क्रमांक

आता दुसरी शर्यत. बावीस वर्षांच्या क्लामरने आदल्या हंगामात विश्वचषकाच्या नऊपैकी आठ उतार-दौडी जिंकल्या होत्या. शर्यत स्वदेशात, स्वतःच्या लोकांसमोर. त्याच्या वाट्याला पंधरावा क्रमांक आला; पहिल्या श्रेणीच्या स्पर्धकांतील शेवटचा. १९७२ सालच्या साप्पोरो ऑलिंपिकचा विजेता, स्वित्झर्लंडचा बर्नहार्ड रुस्सी, तिसऱ्या क्रमांकाने उतरून १०६.०६ सेकंदांची नोंद करून केव्हाच खाली उभा होता. इतक्या स्पर्धकांच्या स्कींनी उकरलेल्या वाटेवरून क्लामरला ती वेळ मोडावयाची होती.

पिवळ्या पोशाखातील क्लामर सुटला, आणि वरच्या भागातील मधल्या नोंदीत तो रुस्सीच्या मागे पडला. त्याची धाव पाहणाऱ्यास सुबक वाटत नाही. उंचवट्यांवरून तो हवेत फेकला जाई, हात पंखांसारखे पसरत, एक पाय दुसऱ्याहून वर जाई. हवेत असता हिमाचा विरोध नसतो हे खरे. पण तेथे वळता येत नाही, आणि पसरलेले हात हवेला अडतात. सेकंदभर उड्डाण म्हणजे अठ्ठावीस मीटर बेसावध प्रवास. आतापर्यंत आपण जे जे खर्च मोजले ते सर्व तो सढळ हाताने करीत होता.

मग तो जिंकला कसा? वळणांतून बाहेर पडताना तो स्कीला आडवी घासू देत नव्हता. तोल सावरण्यासाठी वेग कमी करणे हा सर्वांना सुचणारा उपाय त्याने केला नाही. वेग तसाच ठेवून तोल मागाहून सावरला. खालच्या भागात तर मार्गाच्या कडेपर्यंत जाऊन त्याने वळणे मोठ्या त्रिज्येची केली. त्रिज्या वाढली की लागणारे बल घटते, कड सुटत नाही. अंतर थोडे वाढते, पण वेग टिकतो, आणि वळणाअखेर टिकवलेला वेग पुढच्या सरळ उतारावर शेवटपर्यंत उपयोगी पडतो. वरच्या भागातील तूट भरून काढून तो रुस्सीच्या ३३ शतांश सेकंद आधी पोहोचला. सरासरी वेगाने पाहिले तर तीन किलोमीटरांत हे अंतर सव्वानऊ-साडेनऊ मीटरांचे. इटलीचा हर्बर्ट प्लांक १०६.५९ सेकंदांनी तिसरा आला.

एखादे निशाण आणखी हातभर बाहेर असते, तर हाच मनुष्य जाळीत सापडला असता आणि त्याच्या धावेस कोणी आदर्श म्हटले नसते, हेही लक्षात ठेवावे.

त्या दिवशी दुसरा आलेला रुस्सी पुढे शर्यतींचे मार्ग आखणारा तज्ज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाला. १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकसाठी बेलव्हार्द पर्वतावर त्याने आखलेल्या उतार-दौडीच्या मार्गात वळणे पुष्कळ होती, आणि केवळ सरळ घसरण्यात तरबेज असलेल्यांनी त्यावर कुरकुर केली. उतार तीव्र असला तरी वळण घातले की वेग आटोक्यात राहतो. कोणत्या ठिकाणी स्पर्धकास ऊर्जा खर्च करावयास लावावयाची, हे आखणारा निशाणांच्या जागेने ठरवितो. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी येन्छिंग येथील उतार-दौडीचा मार्गही रुस्सीनेच आखला. त्याच येन्छिंगच्या पर्वतावर, निराळ्या मार्गावर, काश्मीरमधील गुलमर्गच्या उतारांवर शिकलेला आरिफ खान हा भारताचा एकमेव प्रतिनिधी पुरुषांच्या जायंट स्लालम शर्यतीत उतरला. भरगच्च हिमवर्षावात दोन्ही फेऱ्या पूर्ण करून तो पंचेचाळिसावा आला.